मले उचलू नका

दिव्यांगांच्या हक्काचा कायदा आमच्या गावात आधी जिभेवर आला. लंगडी म्हणणारे लोक मले एकदम 'दिव्यांगताई' म्हणू लागले. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, ते काई परत आले नाईत. नाव तेवढं सुधारलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

नाव कायबी ठेवा, पण मले उचलू नका, हे माह्यं एकच म्हणणं. हातानं चालवाची तीनचाकी सायकल घेऊन मी बाजाराच्या दिवशी शेलूबाजारले मेथी-सांबाराच्या जुड्या विकाले एकटी जाते. पण ग्रामपंचायतीसमोर पोचली का चार गडी धावलेच, "उचला हो बाईले!" चाळिशीची बाई मी. कोणाचा हात कुठं लागते, ते मलेच माहीत. म्हणून अर्जावर अर्ज केले, कायद्यात रॅम्प आहे, तो बांधा.

बांधला एकदाचा. उद्घाटनाले मंगरूळपीरहून साहेब आले. फीत कापाचा मान माहा. नवी साडी नेसून मी सायकल रॅम्पच्या तोंडाशी नेली, तं ग्रामसेवक आडवे आले.

"ताई, थांबा! रांगोळी काढली ना त्याच्यावर."

"मंग मी वर कशी येऊ?"

"त्यात काय, आपले पोट्टे हायेत ना!"

अन् बाप्पा! मी नाई नाई म्हणून राह्यली, तरी मले सायकलीवरून काढून खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचललं, पायऱ्यांवरून वर नेलं, अन् रॅम्पची फीत माह्या हातून कापली. साहेब माणुसकीवर बोलले. मले संतापानं रडू आलं, तं माइकवाला म्हणे, "ताई भारावल्या." भारावल्या म्हणे! जळलं मेलं तुह्यं तोंड.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. रॅम्प इतका उभा का बकरीबी विचार करून चढल. दंड भरून आले, दोनदा सायकल मागं घसरली, पण चढली मी. वर पाह्यते तं दारात वीतभर उंबरठा! आतले चार गडी सवयीनं उठले.

"हात लावान तं याद राखा," मी ओरडली अन् ब्रेक लावला. सायकलीनं दार गच्च भरलं. आतला भाईर नाई, भाईरचा आत नाई.

तेवढ्यात मागून सरपंच आले. मी म्हटलं, उंबरठा फोडा.

"ताई, उंबरठा काहून फोडाचा? लक्ष्मी निघून जाते."

"इथं आली कधी होती?"

लोक हासले. सरपंचानं घड्याळ पाह्यलं. "बरं, पाहू नंतर. सभेची वेळ झाली, जरा सरका. मले आत जाऊ द्या."

"या ना," मी म्हटलं. "उचलू काय तुमाले?"

कोणी हासलं नाई. सरपंच चपराशाले म्हणे, "जा, सब्बल आन."

उंबरठा फुटेपर्यंत मी दारातून हालली नाई.