मोबाइलशी जुळलेले सूर्यघड्याळ

हिमायतनगरातील आमच्या वाचनालयाच्या कठड्यावरचे सूर्यघड्याळ काढून टाकण्याजोगे नाही, एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

आज नव्या राज्याच्या नावाची पाटी बसवताना चिटणीस म्हणाले, "काका, सावलीवर वेळ कोण पाहतं आता? तेही काढू."

मी म्हणालो, "हैदराबादची स्वतःची वेळ फक्त तेच सांगते. सध्या ते घड्याळातल्या प्रमाणवेळेच्या सुमारे सोळा मिनिटे मागे असते, असायलाच हवे."

गवंडी यादगिरीने वाकून पाहिले. "साब, ये तो मोबाइल से बराबर मिलरी! फिर झगडा कायका?"

मी चिटणीसांकडे थोडी मुदत मागितली.

चिटणीसांनी रविवारपर्यंत मुदत दिली आहे. तबकडी पूर्ववत कशी बसवावी, हे जाणकार सांगतील का?

मी चिटणीस असताना, माझ्या मनगटी घड्याळाशी जुळावी म्हणून, ती मीच फिरवून घेतली होती. ही चूक माझी.

— माधवराव, माजी चिटणीस