नवऱ्याच्या नावाची डबी

प्रयोगशाळेत तिला सगळे डबीताई म्हणत. लोकांच्या शौचाचे नमुने घ्यायचे, डबीवर लेबल लावायचं आणि ती फ्रीजरमध्ये ठेवायची, हे तिचं काम. नातेवाईक नाकं मुरडत. ही बाई मात्र हात धुऊन खुशाल जेवायला बसे. नमुन्यातल्या जंतूंवरून कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्या आतड्यात काय शिजतंय ते आधीच ओळखते, असं तिथल्या मॅडम सांगत.

एकदा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचेही नमुने मागितले. तिचा नवरा शिंपी. त्याने कात्री आपटली. "असले उद्योग मला सांगू नकोस. तूच भर माझीही डबी!"

मॅडमसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं, म्हणून तिने खरंच दोन्ही डब्या स्वतःच भरल्या. काय म्हणावं या बाईला! एवढ्या नोकरीत एक लेबल चुकलं नव्हतं, आणि हे खोटं स्वतःच्या हाताने चिकटवलं.

निकाल आला. दोघांची आतडी ठणठणीत, आणि जंतू जवळजवळ सारखेच. मॅडमना संशय यायला हवा होता, तर त्या कौतुकाने म्हणाल्या, "एका घरात वर्षानुवर्षं राहिलं की असं होतं. मशीनने तुमचा संसार बरोब्बर ओळखला!" घरी नवराबायको पोट धरधरून हसली.

पुढे नवऱ्याचं जेवण कमी झालं. पोटात कळ आली की शिवण तशीच टाकून तो भिंतीला टेकायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं, की "रिपोर्ट आहे ना!" आधी हे थट्टेत चालायचं. मग तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. मग तिलाही सांगू लागला, आणि तेव्हा तो हसत नव्हता.

तो जाऊन आल्यावर संडासात रक्त दिसलं, तशी ती नवी डबी घेऊन थेट त्याच्या दुकानात गेली.

"अहो, तो रिपोर्ट माझा आहे. तुमचं कोणी तपासलेलंच नाही."

"हळू बोल." दुकानात तर दुसरं कोणीच नव्हतं. "आपलं पोट एकच आहे, असं मशीनच म्हणालं ना? मग तुझं चांगलं ते माझंही चांगलं."

ती भांडायच्या तयारीने आली होती. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिचं अवसानच गळालं. तो भयंकर घाबरला होता.

"मी आहे ना बरोबर," ती म्हणाली आणि डबी त्याच्यापुढे ठेवली.

त्याने झाकण न उघडताच डबी तिच्याकडे परत सरकवली.