सायकल खलास

नवरा पहाटे चारला साइटवर जायचा तो रात्री आठला उगवायचा. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला, इथं आखातात सगळी बांधकामं घाईत, त्यामुळे शुक्रवारची सुट्टीही गेली होती. घरात गाडी एकच, ती त्याच्याबरोबर. मला अल मन्सूरा वस्तीतल्या आमच्या घरापासून बऱ्यापैकी लांब लहान मुलांच्या एका नर्सरीत मदतनिसाचं काम मिळालं होतं. दोन वर्षं चार भिंतींत बसून डोकं भणभणल्यावर मिळालेलं काम. भारतात परतणाऱ्या एका कुटुंबानं सायकल देऊन टाकली, म्हणून ते जमलं. सायकल नाही तर काम नाही, इतकं साधं होतं.

सायकलला काय लागतंय, असं मला वाटायचं. लागतं, बाई. महिन्याभरात चेन करकरायला लागली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "शुक्रवारी बघतो, इन्शाल्ला." त्याचं इन्शाल्ला म्हणजे आपलं 'बघू'. मग मीच शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि चेनवर सढळ हातानं ओतलं. आठ दिवसांत त्यावर वाळू बसून नुसता काळा लगदा झाला. गल्लीतल्या सायकलवाल्यानं, केरळचा म्हातारा तो, बघून कपाळाला हात लावला. तेल थेंबाथेंबानं घालायचं आणि वरचं पुसून काढायचं, हे त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवलं. पंक्चर काढणं, ब्रेक आवळणं त्याच्याकडेच शिकले. शिकले म्हणजे काय, रडतखडत. कामावरून आल्यावर पायांचे तुकडे पडलेले, स्वयंपाक व्हायचा, त्यात हात कोपरापर्यंत काळे.

एका बुधवारी खणलेल्या रस्त्यात पुढचं चाक गेलं. रिंग पार वाकडी. ते काही माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ढकलत दुकानात नेऊन टाकली. गुरुवारी उन्हात चालत कामावर गेले, उशिरा पोचले, बोलणी खाल्ली. दुपारी घरी आल्यावर दुकानात फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सायकल खलास."

स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले. मग नर्सरीच्या बाईंना कळवून टाकलं, रविवारपासून, म्हणजे इथल्या नव्या आठवड्यापासून, येणार नाही.

शनिवारी भाजी आणायला गेले तर सायकल दुकानाबाहेर उभी, चाक सरळ. "परसों बोला ना, खलास," तो म्हणाला. इथं खलास म्हणजे झालं, तयार. मला काय हे ठाऊक नव्हतं? नवरा रात्री फोनवर साइटवाल्यांशी बोलताना दहा वेळा म्हणतो. पण माझ्या कानाला खलास म्हणजे मेलं. आणि खरं सांगते, मला तेच ऐकायचं होतं. इतकी दमले होते, की कुणीतरी संपलं म्हणावं आणि मी बसून राहावं. पुन्हा एकदा विचारलंसुद्धा नाही. त्याची अजून चीड येते.

बाईंना लगेच फोन लावला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, जागा कालच भरली.

नंतर पंधरा दिवस सायकल बाल्कनीत धूळ खात पडली. एका शुक्रवारी उठले आणि हवा गेलेलं मागचं चाक खोलून बसले. एक नट काही केल्या हलेना. नेमका नवरा त्या दिवशी लवकर आला. बूटही न काढता दारात उभा राहिला.

"आता कुठं जायचंय तुला?" त्याला टोचायचं नव्हतं, तोही दमलेलाच होता.

"काम शोधायला," मी म्हटलं. "तेवढा मोठा पाना दे."