तांबडीची चिठ्ठी

आमचे कफील, म्हणजे सौदीतले मालक, निव्वळ फणस. बाहेरून काटे, आत गरे. पण फणस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. अल खर्जला त्यांचा तबेला होता आणि मी, रत्नागिरीचा माणूस, तिथे घोडे सांभाळायचो.

शुक्रवारी आसपासचे शेतमालक शर्यती लावायचे. धावणारा कुठलाही घोडा ठरलेल्या भावाला हवा असेल, तर आधी पेटीत चिठ्ठी टाकायची. शर्यत सुरू झाली की घोडा तुमचा, मग वाटेत त्याचा पाय मोडो की तो मरो. काही मालक दुखरे घोडे मुद्दाम पळवायचे आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे. मला त्यांची चीड यायची. अशाच एका चिठ्ठीने आमची तांबडी शेजाऱ्याकडे गेली. शिंगरू असल्यापासून मी वाढवलेली घोडी! दोन घास जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

मग कुवेतचं युद्ध आलं. डोक्यावरून विमानं, खांद्याला गॅस मास्क. जो तो घोडे कमी करू लागला. बाबांनी मालकांशी भांडभांड भांडून नियम बदलून घेतला: शर्यतीनंतर डॉक्टर घोडा चालवून बघणार, लंगडला तर घेणाऱ्याला नको म्हणता येईल, मग घोडा जुन्या मालकाकडेच राहील.

त्यानंतर पहिल्याच शुक्रवारी शेजाऱ्याने तांबडीला उतरवलं. "आज खपली नाही तर गोळी घालतो," तो सगळ्यांदेखत म्हणाला. बाबांनी गुपचूप चिठ्ठी टाकली.

तांबडी शेवटची आली, लंगडत. डॉक्टरांनी तिला चालवून पाहिलं आणि बाबांकडे वळले. "नियम तुमचाच आहे. नको म्हणालात तर खलास."

आता बाबा पक्के हिशेबी. तुटकी बादलीसुद्धा दहादा उलटसुलट बघून घेणारे. इतक्यात तांबडीने मान लांबवली आणि माझ्या खांद्यावरच्या मास्कचा पट्टा दातांत धरून ओढला. मी पूर्वी अशाच खांद्यावरच्या पिशवीत तिच्यासाठी खजूर ठेवायचो, ते ती विसरली नव्हती.

बाबा खेकसले, "मला काय विचारता? चारा हा घालणार. याला विचारा!"

मी पुढे होऊन तिची दोरी हातात घेतली.