खडूवरची रेघ

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. बाबांना तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यांत आधी त्यांनाच सांगायला हवं होतं. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कुठून सुरुवात करावी तेही कळत नाही. कामापासून करते.

बाबांची करंजाड्यात पत्र्याची शेड होती. गाड्यांची ॲल्युमिनियमची चाकं — गॅरेजवाले त्यांना मॅगव्हील म्हणतात — ती बाबा जुन्याची नवी करून द्यायचे. फुटपाथला घासलेली, रंगाचे पोपडे सुटलेली, खाऱ्या हवेनं पांढरी फटक पडलेली चाकं यायची. टायर उतरवायचा, जुना रंग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, खळगे पुट्टीनं भरायचे, मग प्रायमर, चंदेरी रंग आणि वरून लॅकर. दहावीच्या सुट्टीत मी पेपर मारायला शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगायचे, आणि मी नखांतला राखाडी थर लपवत उभी राहायचे.

रंग चढवण्याआधी चाकाला तडा आहे का, ते बघायची बाबांची एक पद्धत होती. चाकाच्या बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून फासायची, ती सुकू द्यायची. मग आतल्या बाजूनं घासलेट लावायचं आणि थांबायचं. तडा असला तर घासलेट त्यातून झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. केसाएवढी. पण उमटते.

आणि एक नियम होता. रेघ ज्याला दिसली, त्यानंच ती गाडीच्या मालकाला दाखवायची. खडू न पुसता, चाक हातात धरून. फोनवर सांगायचं नाही. "ज्याला दिसली त्यानीच दाखवायची," बाबा म्हणायचे, "नायतर लोकांना वाटतं, आपन काम टालतो."

तेव्हा बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. गिऱ्हाइकांना ते कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे खडू सुकला की ते मला हाक मारायचे — "बाय, ये गो, बघ जरा." बोटांनी त्यांना चाकाचा वाकडेपणा कळायचा, पण रेघ बोटांना लागत नाही. रेघ बघायची मी.

ओवे गावच्या दामूशेठची जुनी मोठी गाडी आली ती हळदीच्या आदल्या दिवशी. मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, ते तुम्हाला माहीत असेल. दामूशेठ दारातूनच ओरडले, "काका, चाकं आरशावानी अशी चमकली पायजेन का नवरीनी त्यान तोंड बघावा!" बाबा हसले. म्हणाले, "नवरीनी नवऱ्याचा तोंड बघावा, शेठ. चाकान कशाला?" सगळे हसले. मीही हसले.

तीन चाकं स्वच्छ निघाली. चौथ्यावर, दोन आऱ्यांच्या मधे, रेघ आली.

मला ती दिसली. हे नीट लिहिते, कारण मनातल्या मनात मी ते कित्येकदा बदलून पाहिलं आहे — उजेड कमी होता, तो पेपरचा ओरखडा असेल, खडूच नीट सुकला नसेल. नाही. उजेड भरपूर होता. रेघ होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लांब होत गेली.

"हाय का गो?" बाबांनी विचारलं. ते माझ्या मागेच उभे होते.

"नाय," मी म्हणाले. "काय नाय." आणि फडक्यानं खडू पुसून टाकला.

का? त्या दुपारी खारघरला आमच्या ग्रुपची सेमिनारची तयारी होती आणि मला उशीर होत होता. बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण सेमिनार हे काही खरं कारण नव्हे. मला दामूशेठसमोर जायचं नव्हतं, एवढंच. मांडव घातलेल्या घरातून माणूस बोलवायचा, त्याच्या हळदीच्या तोंडावर त्याला तुटकं चाक दाखवायचं, त्याचा उतरलेला चेहरा बघायचा — ते माझ्यानं होणार नव्हतं. मी हात धुतले, ओढणी बदलली आणि गेले. संध्याकाळी बाबांनी त्या चाकावर रंग चढवला. दुसऱ्या दिवशी दामूशेठच्या घरच्या बायकांनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं. बाबा ते मोठ्या कौतुकानं सांगत घरी आले.

लग्नानंतर आठवडाभरात नवरानवरी तिच्या माहेराहून परतत होते. खड्ड्यात चाक फुटलं आणि गाडी दुभाजकावर चढली. मुलाला खरचटलं. सुनेचा — निकिताचा — हात कोपरात मोडला. दवाखान्यात तिचा हिरवा चुडा कापून काढावा लागला. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. बाजारात मी तिला पाहते. पिशवी ती दुसऱ्या हातात धरते.

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. हीच असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण ही निम्मीच आहे. उरलेली लिहायची म्हणूनच तर एवढा वेळ चाकांबद्दल बोलत बसले.

दामूशेठ तुटलेलं चाक घेऊन शेडमध्ये आले. ते त्यांनी बाबांच्या पायाशी टाकलं. तडा गंजलेल्यासारखा काळा पडला होता, म्हणजे तो जुना होता, आधीपासूनचा. कुणालाही कळलं असतं. "दिसत नाय तर धंदा कशाला करतोस रं, काका? माझे घरची लक्ष्मी मारली असतीस!" त्यांच्याबरोबर पाचसहा माणसं होती. रस्त्यावरचे लोकही थांबले.

बाबांनी चाक उचललं. अंगठा तड्यावरून फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, मी तुला इचारला व्हता ना? खडू लावल्यावर?"

आरोप नव्हता तो. कसं सांगू — त्यांना माझ्यावर काहीच ढकलायचं नव्हतं. ते फक्त आठवून बघत होते. मी "हो" म्हणाले असते तर पुढे ते काय बोलले असते, तेही मला माहीत आहे. "पोरीची नजर चुकली, शेठ. जबाबदारी माझी." एवढं बोलून त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं असतं. मला कुणी शिक्षा करणार नव्हतं. तरीसुद्धा मी म्हणाले —

"नाय बाबा. तुमी इचारलाच नाय. तुमीच बघितला."

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याआडचे ते दुधाळ डोळे. मग खाली बघून हळूच म्हणाले, "आसल. मीच बघितला आसल."

हे आहे ते. रेघ लपवली ती भीतीनं. पण त्या माणसाच्या हातात फक्त त्याची आठवण उरली होती — पक्की, खरी आठवण — आणि ती मी चार लोकांसमोर त्याच्या हातातून काढून घेतली. ती कशासाठी? मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर बाबा बदलले. आधी शेड बंद केली, कंप्रेसर विकला. मग बाहेर पडताना कुलूप लावलं का, हे ते आईला विचारू लागले. लावलेलं असायचं. मग औषध घेतलं का, पाण्याचा नळ बंद केला का. सगळं त्यांनी केलेलं असायचं. एखादी गोष्ट सांगताना ते मधेच थांबतात — "का मी ह्यो आधी सांगितला?" आई चिडून म्हणते, "तुमचा डोका ठिकान्यावर नाय आता." ते मान डोलावतात. कुणाशी वाद घालायचा असतो तेव्हाही गप्प बसतात. पूर्वी भावकीतल्या जमिनीच्या वादात लोक त्यांना बोलवायचे, कारण कुठला बांध कुणाचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. आता त्यांना कुणी विचारत नाही. आणि विचारलं तर ते म्हणतात, "माझा काय खरा नाय."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली. मला वाटलं, आता शेड उघडतील. मीच विचारलं. "दिसतंय गो आता," ते म्हणाले. "पन आठवत नाय, त्याचा काय करू?" आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बरोबर आलं. तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे काका, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना ते पटलं नाही. "डॉक्टरला काय म्हाईत," ते बाहेर येऊन म्हणाले, "माझे पोरीला इचारा."

सांगायचा विचार केला नाही असं नाही. पण दरवेळी वाटतं — सांगितलं तर त्यांना त्यांचं डोकं परत मिळेल, आणि त्याच क्षणी मुलगी जाईल. यातलं काय निवडायचं, हा अधिकार त्यांचा होता. तोही मी माझ्याकडेच ठेवला. आणि बघा, हेसुद्धा मी कारणासारखंच लिहिलं. खोडावंसं वाटतं आहे. राहू दे.

गेल्या रविवारी बेलपाड्याहून एक तरुण पत्ता शोधत घरी आला. त्याच्या वडिलांनी कधीतरी बाबांकडून चाकं करून घेतली होती. अजून तशीच आहेत, म्हणाला. काका, आमच्या गाडीचीही तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाहीत. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. क्षणभरच. त्यांनी त्याला विचारलं, वडिलांची गाडी कुठली, पाच आऱ्यांची चाकं होती ना, आतून एकाला ठोकर लागलेली? तो तरुण म्हणाला, हो, अगदी बरोबर! बाबा आनंदानं माझ्याकडे वळले आणि वळता वळताच त्यांचा आनंद मावळला.

"हिला इचार, पोरा," ते त्याला म्हणाले. "मला आठवतं असा वाटतं, पन तसा नसतं."

तो तरुण माझ्याकडे बघू लागला. बाबाही बघत होते.

मी म्हणाले, "हो. त्यांना नाही आठवत आता."