बाबा कुठे आहेत?

निर्वासितांच्या छावणीत येण्याआधी शिंपीणबाईचं स्वतःचं दुकान होतं आणि नवरा तिथेच काजं-बटणं करायचा. इथे नियम निघाला, की ज्या घरात पुरुष नाही त्यालाच शेगडी आणि मुलांचं दूध मिळेल. तीन वर्षांच्या लेकीचा खोकला हटत नव्हता. शेवटी नवरा एकट्या पुरुषांच्या शेडमध्ये राहायला गेला. कुणी चुगली करेल म्हणून तो इकडे फिरकेना. "विचारलं तर बाबा नाहीत म्हणायचं," असं तिने पोरीकडून घोकून घेतलं.

खोकला गेला. हिवाळा सरल्यावर, मदतीचा काय उपयोग झाला हे बघायला एक ताई आल्या. "छान बाळसं धरलंय हो!" त्या म्हणाल्या. तेवढ्यात न राहवून नवरा दाराशी आला.

"हे कोण गं?" ताईंनी पोरीला विचारलं.

"माहीत नाही."

शिंपीणबाईला वाटलं, पोर शहाणी, शिकवलेलं विसरली नाही. ताई गेल्यावर ती कौतुकाने म्हणाली, "जा आता बाबांकडे." पोरीने तिचा पदर घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. नवरा उगाच हसला आणि मागे फिरला. त्याला थांब म्हणायचीही तिची हिंमत झाली नाही, कारण शेजारणी बघत होत्या.