हरणाच्या पोटावर हात

खाणीच्या ऑफिसला जाताना काका माझ्याच गाडीत असतात. मूळचे नागपूरचे, रिटायरमेंटला आलेले. कॅनडातलं आमचं सस्काटून शहर मागे पडलं की विचारतात, "काहून गप आहेस?" आणि उत्तराची वाट न बघता ऑस्ट्रेलियातले प्राणी सुरू करतात. वॉम्बॅटच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे आई बीळ खणताना आतल्या पिल्लावर माती उडत नाही. प्लॅटिपसची मादी अंडी घालते आणि पिल्लांना दूधही पाजते. मला हे सगळं पाठ झालंय. वैताग येतो, पण रेडिओ लावायची हिंमत होत नाही.

कारण हे त्यांना त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलेलं. ती तिकडे रस्त्यावर मेलेल्या कांगारूंच्या पिशव्या तपासायची. आई मेली तरी आतलं पिल्लू जिवंत असू शकतं. एकदा अशीच वाकलेली असताना ट्रकनं तिला उडवलं.

काल हायवेच्या कडेला एक हरीण मरून पडलं होतं. काका म्हणाले, "थांबव." मी गाडी बाजूला घेतली. ग्लोव्हज काढून ते बर्फात गुडघ्यांवर बसले आणि हरणाच्या पोटावरून हात फिरवत राहिले.

मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, हरणाला पिशवी नसते."

"माहीत आहे ना बापा."

तरी हात थांबला नाही. आमच्या मागून ट्रक जात होते. प्रत्येक आवाजाला मी दचकून वळून बघत होतो. काकांनी एकदाही बघितलं नाही.